उत्तरेची भिंत

चादरीची ती दोन टोकं धर, झेलिया.
ताठ धर. बोलता बोलता घडी होऊन जाईल.
पुढच्या महिन्यात तू वरची खोली भाड्यानं देणार
म्हणून सांगते. नाहीतर कुणाला सांगत नाही
की पहिल्याच उन्हाळ्यात मी
सहाशे युरोंना बुडाले.

माणूस फार गोड होता.
म्हणजे अक्षरं गोड होती; माणूस कुणी पाहिलाय?
बायकोचा वाढदिवस म्हणाला, तीन आठवडे राहू.
घासाघीस नाही, एका शब्दाची नाही.
मग चेक आला, भाड्यापेक्षा सहाशेनं मोठा.
“चुकून झालं हो, वरचे तेवढे
आमच्या ड्रायव्हरला पाठवून द्या.”
पाठवले. त्याच संध्याकाळी.
उशीर केला तर काय म्हणेल, याची मलाच लाज.
अकराव्या दिवशी बँकेतल्या आदेलिनोनं
चेक परत माझ्या हातात ठेवला
आणि माझ्याकडे न बघता
पेनाला टोपण लावलं.

ते टोपण अजून वाजतं कानात.

माझे वडील देवमाशांचे टेहळे होते, आठवतात तुला?
कड्यावरच्या पांढऱ्या खोपटात, फटीला डोळा लावून.
दूर पाण्याचा फवारा उडाला
की तो सरळ वर गेला की डावीकडे कलला
एवढ्यावरून सांगायचे, मासा कोणता.
अंग दिसायच्या आधी श्वास.

मीही आता श्वास बघते.
खरा पाहुणा घराला टेकून बोलतो:
किटली आहे का, कोंबडा किती वाजता आरवतो,
आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती.
एकीनं विचारलं, ससा आणला तर चालेल?
आणला. पडद्याची झालर खाल्ली त्यानं. तिनं भरून दिली.
लबाड घराबद्दल काही विचारत नाही.
त्याला घाई असते,
त्याचं कुणीतरी नेहमी इस्पितळात असतं,
आणि त्याला या साइटवरून उठून
तुझ्या खासगी फोनवर यायचं असतं,
जिथं साक्षीला कुणी नाही.
नको जाऊस. बोलणं जिथं सुरू झालं
तिथंच पैसे, तिथंच भांडण.

यंदा ऑगस्टात निराळंच.
जोडपं चार रात्री राहिलं, माझा अंजिराचा मुरंबा
चाटूनपुसून खाल्ला, आणि गेल्यावर तक्रार:
न्हाणीघरात झुरळं, सगळे पैसे परत द्या.
सोबत फोटो.
झुरळ होतं, खोटं कशाला बोलू, चांगलं बोटाएवढं.
मी चष्मा पुसला.
झुरळाकडे नाही बघितलं. फरशीकडे बघितलं.
फरशीवर उन्हाचा चौकोन, खिडकीएवढा.

झेलिया, माझ्या न्हाणीघराला खिडकीच नाही.
उत्तरेची भिंत काळ्या दगडाची,
आजोबांनी वाऱ्याला पाठ देऊन बांधलेली.
त्या खोलीत ऊन
आजवर शिरलेलं नाही.

तेवढंच लिहिलं कंपनीला. आणि प्रत्येक पाहुण्याआधी
मी काढते ते तारखेचे फोटो जोडले.
एक सेंट परत गेला नाही.
तूही काढ. नळाचा, गादीचा, कपाटाच्या आतला.
चर्चपुढच्या बायका हसतील,
म्हातारी रिकाम्या खोलीची तसबीर काढते म्हणून.
हसू देत.

काल रात्री एकाचा निरोप आला.
आजच्या आज जागा हवी. भावात खळखळ नाही.
मुलगी इस्पितळात.
माझा अंगठा ‘नाही’वर टेकलाच होता,
तोच खाली आणखी एक ओळ उमटली:
तुमच्या खिडकीतून पलीकडच्या बेटावरचं
इस्पितळ दिसतं का? तिथं खोल्या भरल्यात,
शेवटच्या बोटीनं मला परत यावं लागेल.

मी उठून पाहून आले. अंधारात, अनवाणी.
धक्क्याच्या वर, डावीकडे, चार दिवे.

दिसतं, असं लिहिलं.
पैसे मात्र साइटवरूनच भरा, असंही लिहिलं.
भरले त्यानं.

ही चादर त्याच्यासाठीच.
ओढ जरा तुझ्याकडे, सुरकुती राहिली.
पलंग खिडकीपाशी सरकवायचाय.